उंबऱ्याचा बाक

मी उंबरा बोलतोय. वर्षभरापूर्वी सोलापुरातल्या एका परसात मला कुणी पाहिलं असतं, तर म्हणालं असतं, 'हा तर बाक!' तीच तर माझी रडकथा.

माझा जन्म मैंदर्गीचा. बांधावरची बाभूळ तोडून सुतारानं मला घडवलं आणि शिवपुत्रच्या वडिलांनी वर घोड्याची नाल ठोकून दारात बसवलं. त्याची आई, अव्वा, रोज मला पुसून हळदकुंकू लावायची. पोरं माझ्यावर टेकली की ओरडायची, "उंबऱ्यावर बसू नगा रे!" थोरली लेक चंद्रिका, शिवपुत्रची अक्का, करकंबला दिलेली. पंचमीला माहेरी यायची. निघताना मला हात लावून कपाळाला न्यायची आणि म्हणायची, "येते." 'जाते' असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

अव्वा गेली. घर शिवपुत्रच्या नावावर होतं. त्यानं ते विकलं आणि अक्काला कळवलंच नाही. 'सांगू नंतर' म्हणत राहिला. पाडापाडीच्या दिवशी मात्र त्याचं मन त्याला खाऊ लागलं असावं. दार-चौकट तेवढी टेंपोत घालून सोलापूरच्या घरी आणली.

मग मोबाइलवर बघून साहेब सुतार झाले. चौकटीचे पाय, दाराच्या फळ्यांची पाठ आणि बैठकीला मी. माझी दोन्ही टोकं कापली, रंधा मारून वर्षानुवर्षांची हळद सोलून काढली. एक पाय आखूड झाला, त्याखाली फरशीचा तुकडा सारला. तरी स्वारी खूश! लोक माझ्यावर बसून चहा पीत आणि मी शरमेनं मरत होतो.

पंचमीला अक्का आली. "उद्या मैंदर्गीला जाऊ, अव्वाच्या घरात दिवा लावू," म्हणाली.

शिवपुत्रनं विषय बदलला. "आदी बस की अक्का. ह्यो बाक मी केलाय."

बसता बसता तिचा हात माझ्यावरच्या, रंध्यातून वाचलेल्या नालेच्या खुणेवर पडला. ती चटकन उठली.

"ह्यो आपला उंबरा न्हवं?"

तो वाकून पायाखालचा फरशीचा तुकडा सारखा करू लागला.

"उंबरा हितं हाय, मग घर कुटं हाय, शिवू?"

"इकलं, अक्का. सांगणारच हुतो..."

ती ओरडली नाही. माझ्याशेजारी खाली जमिनीवर बसली आणि मला कुरवाळत रडली. मला वाळवीनं खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तिचं माहेर गेल्याची बातमी तिला माझ्याकडून कळली.

सकाळी ती निघाली, तोवर शिवपुत्रनं बाक मोडून मला पुढच्या दारात आडवं टाकलं होतं. टोकं कापलेली, त्यामुळे दोन्हीकडे फट. अक्कानं वाकून मला हात लावला, कपाळाला नेला. मला ओलांडलं आणि म्हणाली, "जाते, शिवू."

शिवपुत्र दाराशी तसाच उभा राहिला.

आता माझ्यावर कुणी बसत नाही. तो रोज वेडंवाकडं हळदकुंकू लावतो. मंडळी, जुन्या लाकडाचं हवं ते करा, पण ज्या घराचं ते आहे तिथल्या लेकीला आधी विचारा.

पंचमी पुन्हा जवळ आली आहे. आम्ही दोघं अपराधी रस्त्याकडे बघत असतो. अक्का, शिव्या देत ये, पण ये.