डायनाचे वडील

आरशापुढं उभं राहून गुरुसिद्ध सरांनी जीभ दातांमध्ये धरली आणि फुंकर मारली. काचेवर तुषार उडाले. टॉवेलच्या टोकानं ते पुसून त्यांनी पुन्हा जीभ बाहेर काढली.

"थिंक," मोबाइलमधली बाई म्हणाली.

"थिंक," सर म्हणाले.

"थिंक," बाई पुन्हा म्हणाली, त्यांचं काही ऐकलंच नसल्यासारखी.

दानेश्वरी चहाचा कप घेऊन दारात थांबली होती. तिला आधी हसू आलं. पेठ वडगावच्या शाळेत तिच्या अप्पांनी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, कोल्हापुरात येऊन राहिले, तरी अजून कुठल्याही दुकानात कुणीतरी टोपी काढून "सर, वळखलं का?" म्हणायचं. आणि तेच सर आता पहिलीतल्या पोरासारखी जीभ काढून उभे होते.

मग आरशाच्या चौकटीत खोचलेला कागद तिला दिसला आणि तिचं हसू जिरलं.

व्हिएतनाममधल्या ज्या संस्थेत तिनं चौदा महिने इंग्रजी शिकवलं, त्या संस्थेनं कामावरून काढताना दिलेलं ते पत्र होतं. तिची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून आणतो म्हणून अप्पा सोमवारी फाइल घेऊन राजारामपुरीत गेले होते. तेव्हाच हाताला लागलं असणार. शिक्षिकेचे उच्चार संस्थेच्या दर्जाला साजेसे नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. त्या ओळीखाली पेन्सिलीनं सरळ रेघ मारलेली होती, पेपर तपासताना मारतात तशी.

परत आल्यावर तिनं घरात एवढंच सांगितलं होतं, की करार संपला.

"अप्पा, हे काय चाललंय?"

सर दचकले. मोबाइल बंद करायला त्यांना बटण सापडेना. बाई आणखी दोनदा 'थिंक' म्हणाली आणि मग गप्प झाली.

"काय न्हाय. मोकळा वेळ हाय, म्हटलं जरा बघावं."

"पत्र वाचलंत तुम्ही."

"वाचलं." ते पलंगाच्या कडेवर टेकले. "दानव्वा, तुझं इंग्रजी कुणी केलं? मीच की. इंग्रजांचा थ येगळा असतोय म्हणं. जीभ दातात धरावी लागती. मला कुणी सांगितलंच न्हाय. मी आपला थालीपिठातला थ शिकवत बसलो. चूक माझी, आन् नोकरी गेली तुझी."

"तसं नाही, अप्पा."

"लिहिलंय की त्यात. इंग्रजी वाचता येतंय मला."

स्वयंपाकघरातून तिच्या आईचा, अव्वाचा आवाज आला. "दानव्वा, तूच सांग गं त्यास्नी! तीन दिवस झालं, ताटावर बसूनबी फूफू चाललंय. आमटीत फुंकर मारत्यात का इंग्रजी बोलत्यात, काय कळंना!"

अप्पा मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत राहिले.

तिच्या उच्चारांबद्दल चौदा महिन्यांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं. नववीत असताना मामाच्या लग्नासाठी तिला चार दिवस शाळा बुडवायची होती. आजारपणाची चिठ्ठी लिहून द्या, म्हणून ती आणि अव्वा अप्पांच्या मागे लागल्या होत्या. अप्पांनी 'लग्नाला गेली होती' असंच लिहून, खाली सही करून दिलं होतं. वर्गात उभं राहून तिनं बोलणी खाल्ली होती. वर्गशिक्षक अप्पाच होते.

तिनं कप टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"उच्चारांचं खोटं आहे. त्यांना काहीतरी कारण लिहायचं होतं. मीच तिथं खोटं बोलत होते, अप्पा. ते उघडं पडलं."

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात संचालिकाबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं होतं, की इथल्या पालकांना भारतातली शिक्षिका चालत नाही. तू कॅनडाची आहेस. नाव डायना. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. तिनं 'हो' म्हणून मान हलवली होती. वर्गातल्या मुलींना ती बर्फाच्या गोष्टी सांगायची, व्हिडिओ बघून पाठ केलेल्या. मुलींना त्या फार आवडायच्या. सकाळी उठून दारापुढचा बर्फ फावड्यानं बाजूला करणारे वडीलही तिनं तयार केले होते. हे सांगताना तिनं मान वर केली नाही.

"दातांचे डॉक्टर होते," ती म्हणाली. "डायनाचे वडील."

सरांनी घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"आन् उघडं कसं पडलं?"

पडलं कसंतरी, असं म्हणता आलं असतं. पण प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायची अप्पांना सवय होती. ते थांबले.

"जानेवारीत तुम्ही नेसरीहून व्हिडिओ कॉल केला होता. माझी मधली सुट्टी होती."

"काकाच्या फडात. ऊसतोड चालू होती." सरांचा चेहरा एकदम उजळला. "त्या बारक्या पोरी! एकमेकीला ढकलून बघत होत्या. गुणाच्या पोरी गं. सगळ्यांची नावं विचारली मी. मग एकीनं विचारलं, तुमच्याकडं आज बर्फ किती पडलाय. म्हटलं, नो स्नो. ओन्ली शुगरकेन. फोन फिरवून सगळा फड दाखवला की मी त्यास्नी..."

टॉवेल हातातच राहिला.

खाली रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत आली आणि तशीच ओरडत पुढं गेली.

"तुमचं काही चुकलं नाही," दानेश्वरी म्हणाली. "मुलींनी आधी मलाच विचारलं होतं, हे कोण. कपाळाला विभूती, डोक्याला टॉवेल बांधलेला. कुणीही आहेत म्हटलं असतं तरी चाललं असतं. फोन कट करता आला असता. माझ्या तोंडातून 'माय अप्पा' निघून गेलं. मग तुम्ही बोलायला लागलात आणि त्या हसायला लागल्या, म्हणून मी फोन त्यांच्याकडेच दिला. घरी जाऊन त्यांनी उसाचंही सांगितलं, पण वर्षभरात त्या एवढ्या इंग्रजीत कधी बोलल्या नव्हत्या."

"त्यास्नी कळत होतं माझं?"

"सगळं."

उठून सरांनी चौकटीतला कागद काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि ठेवायला जागा न सापडल्यासारखा सदऱ्याच्या खिशात टाकला.

"फोन त्यास्नी द्यायच्या आधी मला सांगायचंस की," ते म्हणाले.

"काय सांगायचं?"

"बर्फाचं. म्हटलं असतं, पडतोय थोडा."

दानेश्वरीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"तुम्ही, अप्पा?"

"व्हय," सर म्हणाले. "स्वेटर घालून उभारलो असतो."