तीच सकाळ, तीच किटली

हरिबाच्या तंबूत आख्खा सिनेमा कुणी कधी पाहिला नव्हता. हरिबानं स्वतःसुद्धा नाही. रिळांचे डबे सांगलीहून आले की त्यातले दोन तो वैरणीच्या पोत्याखाली सरकवायचा आणि उरलेल्यांवर खेळ करायचा. त्यामुळे जत्रेत एका रात्रीत दोनाऐवजी तीन खेळ बसायचे. कुठले डबे काढायचे याचं त्याचं एक शास्त्र होतं. ज्या रिळात दोघंजण बसून नुसतं बोलतात ते पहिलं जायचं. ज्यात कुणाला तरी पश्चात्ताप होतो ते दुसरं. परिणामी कवठे महांकाळपासून लोणंदपर्यंत हरिबाच्या तंबूतले खलनायक शेवटपर्यंत वाईटच राहत आले होते, आणि त्याबद्दल एकाही प्रेक्षकाची तक्रार नव्हती.

"लोकांस्नी काय," हरिबा म्हणायचा, "पडदा पांढरा झाला की संपला म्हणायचं आन् चपला शोधायच्या."

गेल्या साली मात्र घोटाळा झाला. बिरोबाच्या जत्रेत त्यानं देवाधर्माचा सिनेमा लावला आणि सवयीनं दोन डबे काढले. त्यातल्या एकात नेमका देव प्रकट होत होता. पडद्यावर भक्त हाका मारत होता, मारत होता, आणि एकदम आरतीच सुरू झाली. प्रेक्षकांनी हात जोडले आणि घरी गेले. पण परतताना ओढ्याच्या मोरीवरून हरिबाचा ट्रक खाली गेला. माणसं वाचली, पडदा फाटला, आणि हरिबाचे पुढचे दोन दात पडले.

धोंडुबाई म्हणजे हरिबाची बायको. तंबूच्या दारात तिकिटं तीच फाडायची. तिनं तिथं ओढ्यात बसूनच निकाल दिला.

"दोन रिळं कापलीसा, दोन दात गेलं. आता तीन कापून बगा."

आणि तिनं नवऱ्याला तसाच, तोंडाला फडकं लावलेला, बिरोबाच्या देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला. हळदीचा तो भंडारा मुठीत घेऊन हरिबानं आण घेतली, की पुढच्या जत्रेत सिनेमा पहिल्यापासून शेवटापर्यंत दाखवीन, बोटभर फीत कापणार नाही. धनगराच्या पोरानं भंडारा उचलून घेतलेली आण मोडली तर पुढं काय होतं हे हरिबाला ठाऊक होतं. तोंडात दात अजून बरेच होते.

यंदा सांगलीच्या एजंटाकडे तो पोचेपर्यंत चांगले सिनेमे लोणंदच्या नाथाजीनं उचलून नेले होते. नाथाजीचाही तंबू होता, आणि त्याचा डोळा हरिबाच्या जागेवर होता. देवळाच्या पायऱ्या उतरलं की समोर जे सपाट मैदान लागतं तीच ती जागा. तिथं तंबू असला की दर्शन घेऊन निघालेला माणूस उताराला लागून आपोआप आत येतो. जागा द्यायची की नाही ते जत्रा कमिटीच्या हाती, आणि कमिटी म्हणजे सुभेदार लालासाहेब.

एजंटाकडे एकच सिनेमा उरला होता. विलायती. नाव असं होतं की ते एजंटालाही धड म्हणता येईना.

"विनोदी आहे," एजंट म्हणाला. "एक साहेब कपाटात बसतो आणि मागच्या काळात जातो."

"कशाला?"

"ते विचारू नका. राजा आहे, लढाई आहे. घ्या."

राजा आहे, लढाई आहे, एवढं हरिबाला बास होतं. जत्रेत त्यानं कर्ण्यावरून दोन्ही गोष्टी ओरडून सांगितल्या, आणि दिवेलागणीला तंबू भरला. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, मधे दोर. पुढं एकट्या सुभेदारांची खुर्ची. सुभेदार लष्करात साहेबांच्या हाताखाली होते आणि इंग्रजी जाणतात असा त्यांचा लौकिक होता. तो लौकिक तपासून बघण्याइतकं इंग्रजी त्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. एका बारक्या खोलीत एक किडमिडा साहेब उठला. त्यानं चुलीवर किटली ठेवली. दार वाजलं. सासू आली. साहेब काहीतरी बोलला.

"गुड मॉर्निंग म्हनतोय," सुभेदारांनी मागं वळून सांगितलं. "म्हंजे सकाळ हाय."

तंबूनं मान डोलावली. तेवढ्यात सासू साहेबाच्या टोपीवर बसली, किटली उतू गेली, आणि सासू रागावून निघून गेली. मग साहेबानं एका जुनाट कपाटाला सायकलचं चाक आणि गजराचं घड्याळ बांधलं आणि तो आत जाऊन बसला. कपाट थरथरलं. ते बाहेरून दोन माणसं हलवताहेत हे स्पष्ट दिसत होतं, कारण एकाची कोपरं पडद्यावर येत होती.

"कोपार काढ रं मागं!" पाठीमागून कुणीतरी ओरडलं.

कपाटातून साहेब बाहेर आला तो जुन्या राजाच्या काळात. राजाचा महाल म्हणजे मघाचीच खोली होती, वरून पडदा टाकलेली. राजा म्हणजे मघा रस्त्यावर दिसलेला जाडा पोलीस होता, दाढी लावलेला.

"ह्यो त्योच की गं," दगडाबाई शेजारणीला म्हणाली. ती गावातली जुनी कोंबडीवाली. एकदा पाहिलेलं कोंबडं ती विसरत नसे. "पायात बूटबी तेच हायती. राज्य मिळालं तरी मेल्याला वहाणा घेता येईनात."

मग लढाई झाली. लढाईत सहा माणसं होती. तीन इकडून, तीन तिकडून.

मग म्हातारा बिराप्पा बोलला. बिराप्पाची साठ-सत्तर मेंढरं होती आणि जन्म उघड्यावर गेला होता, त्यामुळे त्याचा आवाज बारीक बोलतानाही दोन शेतं ओलांडून जायचा.

"एवढीच?"

"एवढीच दिसत्यात, मामा."

"आरं, आमच्या हितं बांधावनं वाद झाला तर चाळीस जमत्यात. आन् ह्यांनी दीडशे वरीस आपल्यावर राज्य केलं?"

सगळा तंबू हसला. सिनेमाला आलेलं ते पहिलं हसू होतं, आणि त्यात सिनेमाचा काही वाटा नव्हता.

सैनिक पडले. त्यातला एक मेलेला सैनिक नाक खाजवत होता. त्याच्या पाठीमागच्या माळावर मेंढरं चरत होती. तंबूतली निम्मी माणसं एकदम पुढं सरकली.

"आयला! लोकर बग की त्येंची!"

"पाय बारीक हायती."

"पाय असू दे रं. पोट बग."

मेंढरं गेली आणि माणसं पुन्हा मागं रेलली. बिराप्पानं निकाल दिला, "मेंढरं चांगली हायती. माणसं टाकाऊ."

तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवा लावून दुसरं चढवायचं, तोवर बाप्यांनी बिड्या ओढायच्या आणि बायांनी पोरांची मोजदाद करायची. पुढच्या रिळात साहेब पुढच्या काळात गेला. तिथली माणसं अंगाला चांदी लावून हिंडत होती. ती चांदी सिगारेटच्या पाकिटातली होती, हे तंबूतल्या प्रत्येक सिगारेट ओढणाऱ्यानं शेजाऱ्याला सांगितलं. मग दिवा लागला. हरिबानं नवं रीळ चढवलं, दिवा मालवला.

बारकी खोली. साहेब उठला. त्यानं चुलीवर किटली ठेवली. दार वाजलं. सासू आली.

"गुड मॉर्निंग," सुभेदार म्हणाले, आणि थांबले.

"ही झाली की रं!"

"हरिबा, डबं चुकलं!"

हरिबानं डबा पाहिला. डबा बरोबर होता. साहेब कपाटात बसून त्याच सकाळी परत आला होता, झालेली चूक निस्तरायला. या खेपेला त्यानं किटली सांभाळली, पण टोपी राहिली. सासू गेली. साहेब पुन्हा कपाटात. दिवा लागला, रीळ बदललं, दिवा मालवला. बारकी खोली. किटली.

आता चपला आल्या. पहिली पडद्यावर, दुसरी पडद्याच्या वर, तिसरी हरिबाच्या मशीनवर. नाथाजीच्या तंबूतून टाळमृदंगाचा आवाज येत होता, आणि कडेची माणसं तिकडं कान करून उठायला लागली होती.

गंमत म्हणजे हरिबा त्या वेळी सिनेमा पाहत होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला पुढं काय होतं ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्या सकाळी साहेबानं सासू बसायच्या आत टोपी उचलली, तिच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि कधी नव्हे ती सासू हसली. हरिबालाही, दोन दात नसलेल्या तोंडानं, हसू फुटलं. नेमकं तेव्हाच सुभेदार उजेडाच्या झोतात उभे राहिले. सासूच्या तोंडावर त्यांच्या फेट्याची सावली पडली.

"मशीन बंद!"

मशीन बंद झालं. दिवा लागला.

"हरिबा, एका दिवसात सकाळी किती हुत्यात?"

"एकच, सुभेदार."

"म्या सवता तीनदा गुड मॉर्निंग ऐकलं. एकच रीळ तीनदा लावलंस."

"बिरोबाची आण, सुभेदार! पिक्चरमदीच तसं हाय. त्यो साहेब मागं जातोय. गेलेल्या सकाळी."

"गेलेली सकाळ परत येती व्हय? मग माझं गुडघं आण की परत!"

लोक हसले. सुभेदार हसले नाहीत.

"हे बग. तू रिळं कापतोस हे आख्ख्या गावाला ठाऊक हाय."

हरिबाच्या हातातला डबा खाली पडला.

"ठाऊक हाय?"

"आरं, कवाच्यान! आमी कवा बोललो? कापलेलं ब्येस असतंय. माणूस येळंवर घरी जातो. तुझ्या तंबूला लोक येत्यात ते त्येच्यापायीच. पर तेच तेच दाखवून टाइम काढायचा ही लबाडी हाय. आता दुसरा खेळ कमिटी बघणार. त्यात दुसरी सकाळ दिसली, तर पुढल्या साली जागा नाथाजीला."

आणि ते खुर्ची घेऊन बाहेर गेले.

हरिबा वैरणीच्या पोत्यावर बसला. इतकी वर्षं चोरी केली ती लोकांना पसंत होती, आणि पहिल्यांदा इमानानं वागला तर चोर ठरला होता. कापावं तर आण मोडते, न कापावं तर जागा जाते. त्यानं जिभेनं उरलेले दात चाचपले.

धोंडुबाई तिकिटाचं दार लावून आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आण कुणी घेतलीया?"

"मी."

"मी घेतलीया का?"

"न्हाई."

"मग सरका तिकडं."

ती मेंढरं कातरायची कातर घेऊन आली. मांडी घालून बसली, फितीचं भेंडोळं मांडीवर ओढलं आणि लोकर उतरवावी तशी सपासप कामाला लागली. चांदी लावलेली माणसं एका घावात गेली. दुसरी सकाळ गेली. जोड चिकटवायची बाटली तिनं हरिबाच्या हातात दिली. चिकटवायचं नाही अशी काही त्यानं आण घेतली नव्हती. तिसऱ्या सकाळीला कातर लागली तसा हरिबा पुढं झाला.

"एवढी ऱ्हाऊ दे की. हितं त्यो टोपी उचलतो. म्हातारी हसती."

"मग?"

"न्हाई, चांगलं वाटतंय."

धोंडुबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू दातांबरोबर त्याचं आणखीही काही त्या ओढ्यात पडलं असावं.

"म्हातारी हसली काय आन् न्हाई काय. कपाटाचा पैला तुकडा धरा. हां. मेंढरं कुठं हायती? ती नगा सोडू. अर्धी हितं जोडा, आन् अर्धी हिकडं जोडा."

"ती दोनदा दाखवायची?"

"मेंढरं दोनदा बगितली म्हनून कोन धनगर भांडलाय?"

दुसरा खेळ सुरू झाला. सुभेदार पुढं, कमिटी त्यांच्या मागं, पहिल्या खेळातली निम्मी माणसं फुकट आत, कारण त्यांना हरिबाची फजिती पाहायची होती. साहेब उठला. किटली. सासू. गुड मॉर्निंग. टोपी. साहेब कपाटात शिरला. राजा, सहा माणसांची लढाई, मेंढरं. दिवा, बिडी. पुन्हा मेंढरं. साहेब कपाटातून बाहेर आला, चहा प्याला, आणि पडदा पांढरा झाला.

लोकांनी सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदार उठले, गुडघ्यांवर हात ठेवून क्षणभर थांबले.

"आता कळलं," ते म्हणाले. "सासूला भिऊन कपाटात लपला. डोळा लागला. सपान पडलं. सपनात माणसं सहाच असायची. उठला, सासू गेलेली, चा प्याला. सरळ गोष्ट हाय. मघा ह्या हरिबानं उगंच घोळ घातला हुता."

"लपायला कपाट! बाप्या म्हनायचं का काय," दगडाबाई म्हणाली.

"पिक्चर थुकरट हाय," बिराप्पा म्हणाला.

"थुकरट तर हायच," सुभेदार म्हणाले. "पर इमानदार हाय. ऱ्हाऊ दे जागा हरिबाला."

दुसऱ्या दिवशी तंबू ट्रकवर चढला. पुढं चालकाशेजारी धोंडुबाई, तिच्याशेजारी हरिबा, त्याच्या मांडीवर टोपली, टोपलीत कापलेल्या फितीची भेंडोळी. सांगली येईपर्यंत ती पुन्हा जोडायची होती. कुठली सकाळ पहिली आणि कुठली तिसरी याचा आता काही पत्ता लागत नव्हता. हरिबा हाताला येईल तो तुकडा चिकटवत होता. पुढच्या गावालाही त्यात काही फरक कळणार नव्हता. टोपी उचलण्याचा तुकडा हाताला आला तेव्हा त्यानं तो उजेडात धरून पाहिला, आणि तोही मिळेल तिथं जोडून टाकला.

मग ओढ्याची मोरी आली. तीच. हरिबानं एका हातानं दार धरलं आणि दुसरा तोंडावर ठेवला. धोंडुबाईच्या कपाळावर भंडारा होता. ती समोर बघत बसली होती. ट्रक मोरीवर चढला, खडखडला, आणि पलीकडं उतरला. काही झालं नाही.

हरिबानं तोंडावरचा हात काढला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडा अपमानही.

"काईच झालं न्हाई गं."

"काय व्हायचं हुतं?"

"न्हाई, आण तर मोडलीच म्हनायची. तू कापलंस, पर म्या जोडलं. देवाला कळलं नसंल व्हय?"

"कळलंय की," धोंडुबाई म्हणाली. "पर देव काय खुळा हाय, तसल्या पिक्चरपायी उठून यायला?"