पाटी विझवा, फोटो काढायचाय

मित्रांनो, मी एक जुनी दिव्यांची पाटी आहे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात मर्सी वेल नावाचे गाव आहे. तिथल्या मोटेलबाहेरच्या खांबावर मी टांगलेली आहे. 'खोली मिळेल' एवढेच माझ्यावर लिहिले आहे. कोणी हळहळावे म्हणून मी बोलत नाही. मला राग आला आहे, म्हणून बोलते.

एका कारागिराने जाळावर काचेच्या नळ्या वाकवून माझी अक्षरे घडवली. ऑर्विल प्रुएट आणि त्याची बायको व्हर्ना यांनी मला वर चढवले, तेव्हा सारे गाव टाळ्या वाजवत होते. आमच्या वाळवंटात एक रीत आहे. पाटी पेटलेली असली, की तिथे माणूस आहे आणि पाणी आहे असे समजायचे. गाडी बंद पडली, की लोक माझ्या लाल उजेडाच्या रोखाने चालत यायचे. व्हर्ना आधी पाण्याचा जग पुढे करायची, नाव मग विचारायची.

पुढे डोंगरापलीकडून नवा महामार्ग गेला आणि गावाचे दाणापाणी तुटले. पेट्रोलपंप बंद झाला, शाळा बंद झाली, ऑर्विल वारला. व्हर्ना मात्र हलली नाही. दिवस कलला, की ती मला लावायचीच. "गिऱ्हाईक नसलं म्हणून काय झालं? रस्ता आहे ना अजून," म्हणायची.

मग ड्वेन नावाचा फोटोवाला आला. व्हर्ना हरखली. फोटो पाहून लोक राहायला येतील, मोटेल तगेल, अशी तिला आशा वाटली. तिने खिडक्या पुसल्या, ओठांना लाली लावली आणि दारात खुर्ची टाकून बसली.

"मॅडम, जरा आत बसता का?" ड्वेन म्हणाला.

"का रे? माझ्या तोंडाकडे बघून कॅमेरा फुटेल तुझा?"

"तसं नाही हो. मला ओसाड गावाचा फोटो हवाय. ते वाळत घातलेले कपडे पण काढा. आणि पाटी विझवा."

"अरे, पण मोटेल चालू आहे माझं!"

"फोटोपुरतं हो. बघा, रीघ लागेल लोकांची."

व्हर्नाने मला विझवले आणि ती आत जाऊन बसली. तिने पुसलेल्या काचांवर त्याने मूठभर धूळ उधळली.

रीघ खरेच लागली. पण त्या फोटोखाली छापले होते, 'इथे आता कोणीही राहत नाही.' आलेल्यांपैकी एकानेही खोली मागितली नाही. लोक आठवण म्हणून दारांवरचे आकडे उपटून नेऊ लागले. एकदा व्हर्ना ओरडली, तेव्हा एक बाई दचकून म्हणाली, "अगं बाई, इथं कोणीतरी राहतंय!" तिचा अगदी हिरमोड झाला होता.

एका संध्याकाळी कॅमेरे घेऊन दोघे आले.

"छे! पाटी चालू आहे. सगळा फोटो बिघडणार."

"थांब, बघतो मी."

त्याने दगड उचलला. पहिला नेम चुकला, दुसऱ्या दगडाने माझी अक्षरे फुटली. तेवढ्यात दार उघडले. व्हर्नाच्या हातात पाण्याचा जग होता. माणसे आली, म्हणून ती भरून आणत होती.

दगड मारणारा ओशाळला. "आम्हाला वाटलं, इथं कोणी नाही."

"पाटी पेटली होती ना रे?" व्हर्ना म्हणाली.

दोघे गाडीत बसले. त्यांच्यापैकी कोणीही पाणी घेतले नाही.

माझ्या नळ्या जोडणारा कारागीर आता उरलेला नाही. हिवाळ्याआधी पुतण्या येऊन व्हर्नाला शहरात घेऊन गेला. निघताना तिने सवयीने माझे बटण दाबले. मी पेटले नाही.

परवा ड्वेन पुन्हा आला होता. या वेळी त्याला कोणाला आत पाठवावे लागले नाही, की काही विझवावे लागले नाही. फोटो अगदी मनासारखा आला म्हणे.

मित्रांनो, ओसाड दिसणाऱ्या घराचा फोटो काढण्याआधी दार वाजवत जा. आतून उत्तर यायला उशीर लागला, तरी थांबा. एखादे म्हातारे माणूस तुमच्यासाठी पाणी भरत असेल.