आधी विचारा, मग पुसा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण जन्माने दरवाजा! शेलारच्या भातगिरणीचा. गिरणी बंद पडली तेव्हा केसरीनाथ सुताराने मला तासून गुळगुळीत केलं, काळा रंग दिला आणि बुद्धविहारातल्या अभ्यासवर्गाला देऊन टाकलं. बिजागऱ्यांची भोकं अजून माझ्या अंगावर आहेत. दागिनेच म्हणा ना!

माझ्यावर पाढे लिहिणारी मुलं आज वायरमन आहेत, नर्स आहेत, एक तर तलाठी झाला. "काय फळा आहे!" असं पाहुणे म्हणायचे आणि मी आतल्या आत फुगायचो. मग विहारात पांढरा, चकचकीत बोर्ड आला. मला जिन्याखाली उभं केलं, पुढ्यात झाडू आणि सतरंज्या. राग आला, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं ते संघरत्नाने. अकरावीतली पोर. गणित सोडवायला लागली की तिला त्या बोर्डाची जागा पुरायची नाही.

त्या मार्चात ती पेचात पडली. मे महिन्यात गणिताची दोन शिबिरं होती, एकाच वेळी. ठाण्यातल्या शिबिरात नाव दिलं की प्रवेश, वर टोपी आणि प्रमाणपत्र. पुण्याचे लोक मात्र आधी पाच अवघड गणितं देणार, ती पाहून मोजक्याच मुलांना घेणार. अर्धं राहिलं तरी चालेल, पण विचार कसा केला ते लिहा, अशी त्यांची अट. ठाण्याला दुसऱ्याच दिवशी कळवायचं होतं.

"पुण्याने नाही म्हटलं तर सुट्टी फुकट जाईल, रत्ना," तिचे वडील मिलिंद माझ्यासमोरच म्हणाले.

"पण पप्पा, मला खरंच गणित येतं का, ते मला कळायला नको?" तिचा आवाज रडवेला झाला.

मिलिंदची थोरली बहीण मैनाआत्या तिथेच झाडत होती. तिच्या कानावर एवढंच पडलं, शिबिर. "अरे मिल्या, पोरीचा डोका भादरतोस काय? येवढे लांब केस हायेत तिचे!"

आमच्या विहारात शिबिर म्हणजे श्रामणेर शिबिर. मुंडण करायचं, चीवर नेसायचं. सगळे खो खो हसले. संघरत्नाने समजावून सांगितलं, तरी आत्या काही ओशाळली नाही.

"मंग ते ठाणेवाले काय इचारतात?"

"काहीच नाही."

"आपल्या शिबिरात भंतेजी पयले इचारतात, मंग चीवर देतात. कोन आलाय त्याची ज्यांना पडलेली न्हाय, त्यांच्याकडं कशाला जायाचा?"

मिलिंदनी हातातला फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "ठाण्याला नाही कळवत. कर तुझी गणितं."

चार सुटली. पाचवं फरशीचं होतं, कोपरा काढलेली चौकोनी फरशी वाकड्या तुकड्यांनी भरायची. ते अडलं. माझ्या उजव्या बाजूला तसंच अर्धं राहिलं. तिने फोटो काढून पाठवून दिलं. उत्तर येईना.

एप्रिलात जयंतीची रंगरंगोटी निघाली. विहाराची रंगकामं करणारा राकेश काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. त्याने मला रंगवत आणलं, आणि त्या गणितापाशी ब्रश येताच आत्या कडाडली, "थांब! पोरीचा गणित अर्धा हाय."

"अगं, तिने पाठवलं ना? आता काय करायचंय त्याचं?"

"तिला इचारलास?"

राकेशने तेवढा भाग सोडला. जयंतीला ते ठिगळ मी सगळ्यांसमोर मिरवलं! आणि आठवड्याने पुण्याचा फोन आला. घेतलं तिला!

जूनमध्ये ती परतली. आत्याने आधी तिची वेणी ओढून पाहिली. "हायेत गो, केस हायेत!" संघरत्ना हसत माझ्याकडे आली. खडू घेतला आणि उरलेलं गणित पूर्ण केलं. मग ओल्या फडक्याने स्वतःच पुसलं. "राकेशदादा, आता रंगव."

अभिमानाने माझ्या बिजागऱ्यांची भोकंसुद्धा भरून आली.

मित्रांनो, जुन्या फळ्याला जिन्याखाली टाकू नका. आणि त्याच्यावर कोणाचं गणित अर्धं दिसलं, तर फडकं उचलण्याआधी एकदा विचारा.