डेरेक आतोबांनी घातलेली मागणी

मुलगी मागायला जाताना आमच्याकडे नवऱ्या मुलाला काम एकच असतं, गप्प बसायचं. नवा सूट घालायचा, गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि बाजारात आणलेल्या बकऱ्यासारखं जमिनीकडे बघत राहायचं. बोलतात ते वडीलधारे. मुलीच्या घरी चाळीसेक पुरुष जातात, त्यातला एक मोठा माणूस उठून मुलगी मागतो, आणि तोवर समोरच्या कॉफीला कुणी हात लावत नाही. मुलीच्या बापानं "कॉफी घ्या" म्हटलं की सोयरीक जमली. शेळीलाही जमेल इतकं सोपं आहे. आमच्या घराण्याला जमलं नाही.

घदीरनं वडिलांना, म्हणजे अबू मुहन्नदना, तयार करण्यात दोन हिवाळे घालवले होते. "नायेफ, बाबा एकदाच ऐकतात," तिनं फोनवर बजावलं होतं. "आज बिनसलं तर संपलं. मला मागायला टपलेला कुवेतचा मावसभाऊ सुट्टीवर आलाच आहे. रोज दाढी करतोय."

बोलायचा मान अबू शाहिर काकांचा. वडील गेल्यापासून घरात तेच थोरले. अम्मानहून इरबिदपर्यंत गाडीत त्यांनी भाषण घोकलं. आणि घदीरच्या दारात आल्यावर आदबीनं बाजूला सरकून माझ्या मामांना म्हणाले, "अबू नवाफ, तुम्ही व्हा पुढे. आज तुम्हीच बोला."

"छे हो! तुमच्यापुढे मी?"

"मुलाचे मामा तुम्ही. मान तुमचा."

"तुम्ही असताना मी तोंड उघडू? जीभ झडेल माझी."

"नाही, नाही, तुम्हीच."

मामा पेटले. "तुमच्याआधी मी मागणीचा शब्द काढला, तर माझ्या बायकोला तलाक!"

इथे काकांनी थांबायला हवं होतं. पण शिष्टाचारात हरायचं कसं? "आणि तुमच्याआधी मी काढला, तर माझ्या बायकोला तलाक!"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. दोघांचेही डोळे भरून आले. मी मनात हिशेब मांडला आणि माझेही भरून आले.

आत बसलो. कॉफी आली. अबू मुहन्नद वाट बघू लागले. काकांनी मामांकडे बघितलं, मामांनी काकांकडे. दोघांनाही आपापली बायको आवडत होती, नेमकं आजच. बाकीच्यांपैकी कुणी बोललं असतं, तर दोघांनाही डावलल्यासारखं झालं असतं. कॉफीची वाफ संपली.

शेवटी काकांनी कोपरानं डेरेक आतोबांना ढोसलं.

डेरेक आतोबा म्हणजे सिहाम आत्याचे यजमान. इंग्लंडचे, भूगोलाचे निवृत्त मास्तर. निम्मं आयुष्य अम्मानात गेलंय. आमच्याहून शुद्ध अरबी बोलतात, त्यामुळे ते काय म्हणाले हे सगळ्यांना कळतं. तोटा तोच. जावई आणि वर परदेशी, म्हणजे मानपानाच्या कुठल्याच पायरीवर बसत नाहीत. त्यांच्या बोलण्यानं कुणाचाच अपमान होणार नाही, असा सगळ्यांचा समज होता.

आतोबा उठले. कोटाचं बटण लावलं.

"अबू मुहन्नद, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला त्रास देतोय. क्षमा असावी."

खोलीत चुळबूळ झाली. पाहुणे त्रास कधीपासून झाले?

"तर, आमचा नायेफ. मुलगा वाईट नाही."

कुणीतरी खोकलं. अशा बैठकीत मुलगा किमान सिंह तरी असतो. आजोबांच्या नावानं डोंगर हलतात.

"ओळख वाढली की बराच बरा वाटतो," आतोबा पुढे म्हणाले. मी गालिच्यावरची फुलं बघत होतो. "तर घदीरची हरकत नसेल आणि तुम्हाला जमण्यासारखं असेल, तर विचार व्हावा. पण आमची भीड अजिबात बाळगू नका. अडचण असेल तर मोकळेपणानं नाही म्हणा. आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही."

आणि ते समाधानानं बसले. त्यांच्या गावात म्हणे समोरच्याचा याहून मोठा मान ठेवता येत नाही, त्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. आमच्याकडे अशी जागा एकाच कारणासाठी ठेवतात. आपल्यालाच पळायचं असतं तेव्हा.

अबू मुहन्नदांचा चेहरा बघवत नव्हता. होकार त्यांच्या ओठांवर होता. पण एवढी माणसं एवढ्या लांबून येऊन, इतक्या गोड शब्दांत नकार मागतायत! छातीवर हात ठेवून ते उभे राहिले.

"या घरातून पाहुणा रिकाम्या हातानं गेलेला नाही. तुम्हाला नकार हवा? तुमचा शब्द डोळ्यांवर! दिला. कॉफी घ्या."

"आभारी आहे. स्पष्ट बोललात, बरं वाटलं," आतोबा म्हणाले आणि कॉफी पिऊन टाकली.

दाराआडच्या बायकांना फक्त "कॉफी घ्या" ऐकू गेलं. त्यांनी जिभा घोळवून आनंदाच्या अशा आरोळ्या ठोकल्या की खाली आमच्या पोरांनी गाड्यांचे हॉर्न वाजवायला सुरुवात केली. घदीरचा भाऊ हसत हसत कुनाफ्याच्या मिठाईचं परातीएवढं ताट घेऊन आला. वर पिस्त्यांनी आम्हा दोघांची नावं लिहिली होती.

मी काकांकडे बघितलं. काकांनी तोंड उघडलं, काकू आठवल्या, मिटलं. मामांनी तर उघडलंच नाही.

"चला, निघू या," आतोबा उठले. "यांचा फार वेळ घेतला."

"गोड न खाता?" अबू मुहन्नद आडवे आले.

"नको. आभारी आहे."

अबू मुहन्नद दुसऱ्या "नको"ची वाट बघत राहिले, म्हणजे रीतसर पुन्हा आग्रह करता आला असता. आतोबा टोपी शोधत होते.

"अहो, एक घास!"

"नको म्हटलं की मी."

या घरात नळ तोडायला आलेला माणूससुद्धा जेवून गेला होता. अबू मुहन्नदांचा तोल गेला. "हा कुनाफा न खाता तुम्ही उंबरा ओलांडलात, तर माझ्या बायकोला तलाक!"

दाराआडच्या आरोळ्या बंद पडल्या.

आतोबा परत बसले. ताटाकडे नीट बघितलं. "अबू मुहन्नद, हा सोयरीक जमल्याचा कुनाफा. तुम्ही तर नाही म्हणालात. मग आम्ही तो खाणं खोटेपणाचं होईल. मला ते पटत नाही."

"नुसतं गोड म्हणून खा!"

"नावं आहेत वर."

"नावं काढतो मी!" ते खरंच पिस्ते वेचायला लागले.

दाराआडून घदीरची आई म्हणाली, "अबू मुहन्नद, मी सामान बांधायला घेऊ का? म्हणजे उजेडी माहेरी पोचेन."

"अगं, यांनाच मुलगी नकोय!"

"कुणाला नकोय?" आतोबा चकित झाले. "हवी म्हणून तर आलो."

"मग तसं म्हणायचं की, भल्या माणसा!"

"म्हणालो की. विचार व्हावा, म्हणालो."

अबू मुहन्नदांनी डोकं धरलं. बोटांना पाक होता, तो केसांना लागला. "दिली! मुलगी दिली! माझ्या आईच्या कबरीची शपथ, दिली! आता तरी घास घ्या!"

"भिडेखातर तर म्हणत नाही ना? हवा तर वेळ घ्या—"

"आतोबा!" चाळीस पुरुष एकदम ओरडले.

आतोबांनी घास घेतला. आता फातिहा म्हणायची, म्हणजे शब्द पक्का. सगळ्यांनी तळवे उघडले. सुरुवात कुणी करायची? काका मामांकडे वळले. "करा तुम्ही."

"छे! तुमच्यापुढे मी?"

मामांचा श्वास वर गेला. शपथ घेतानाच त्यांचा श्वास असा वर जातो. मी खणखणीत आवाजात स्वतःच फातिहा सुरू केली. काकांनी डोळे वटारले. पण सुरू झालेली फातिहा कुणी थांबवत नाही. एकेक करून सगळ्यांचे आवाज मिसळले आणि शेवटी आमीन झालं.

अबू मुहन्नद माझ्याकडे बघत राहिले, जणू खुर्चीच बोलली होती. "याला बोलता येतं?"

"येतं!" दाराआडून घदीर म्हणाली. "सवय करून घ्या, बाबा."

त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. मी एकदाही नको म्हटलं नाही.