कोणी कुणाकडे जायचं

...एकच केस, आकड्याच्या सुईत अडकलेला, जाळीतून अर्धा वर आलेला, आणि बोटं नेमकी तिथंच थांबलेली, कारण फोन वाजत होता आणि तो वकीलबाईंचाच असणार हे तिला न बघताच कळलं होतं. वाजू दे. नाटकातल्या राजाचा केसांचा टोप; कपाळावरची ओळ एकेक केस गाठवूनच भरावी लागते, मध्येच उठलं की ओळ हमखास वाकडी जाते.

तुझा हात बिघडलाय, ताई — धाकट्या भावानं सीमेपलीकडून एवढंच लिहून टोपांची खोकी परत पाठवली होती. बिघडलाय? ज्या हातानं तुझं शेंबडं नाक पुसलं, तो? वडिलांच्या मागे दोघा भावंडांनी धंदा वाटून घेतला होता: तिनं इथं टोप करायचे, त्यानं तिकडच्या नाटक कंपन्यांना विकायचे, रीतसर करार करून. आणि वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे वाक्य! तिनं सरळ दावा ठोकला, इथल्याच कोर्टात.

धाकट्याचं म्हणणं, दावा इथं चालूच शकत नाही. माल तिकडे हाती पडला, तेव्हा कोर्टही तिकडचंच. तिचं म्हणणं, टोप इथं बनले, तर इथलंच. दोन वर्षं भांडण एवढंच. टोप चांगले की वाईट, हे अजून कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. "लहानपणी पत्ते कुणी पिसायचे यातच तुमची दुपार संपत असेल," नवरा म्हणाला होता. संपायचीच... तिला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं.

खरं कारण तिनं वकीलबाईंनाही सांगितलं नव्हतं. खटला इथं चालला असता तर धाकट्याला यावं लागलं असतं. बस्स. जिंकणं-हरणं गेलं चुलीत! तो कोर्टाच्या त्या कळकट बाकावर अंग चोरून बसला असता, वाळलाय की सुटलाय ते दिसलं असतं, आणि तिला आधी पाऊल उचलावं लागलं नसतं. मोठी ना ती? मोठीनं का म्हणून वाकायचं?

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनं घेतला.

"काकू, निकाल आपल्या विरुद्ध गेला. माल हाती पडला तिथलं कोर्ट, असंच धरलं त्यांनी. अपील करता येईल, नाहीतर तिकडे नव्यानं दावा. तुम्ही जायची गरज नाही हं, तिथला वकील बघते मी."

"नको. मीच जाईन."

इतक्या झटकन कशी बोलून गेले मी? नवरा चष्म्यावरून बघत होता.

"अगं, हरलीस ना? मग चेहरा असा का?"

"असा म्हणजे कसा? हरल्यासारखाच आहे," ती फिसकारली.

संताप यायला हवा होता. तिनं तो शोधलाही, पण सापडलं भलतंच — वडील गेल्यावर कितीतरी दिवस बोटं थरथरायची, हे तिनं नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नव्हतं. आणि त्या पठ्ठ्याला ते तिकडे बसून नुसत्या गाठींवरून कळलं होतं. तिला एकदम रडूच आलं.

आणि हा जन्माचा चिक्कू! बसचं भाडं वाचवायला तंगडतोड करणारा, त्यानं दोन वर्षं वकील पोसला तो कशासाठी? इथं येऊन स्वस्तात सुटला असता की. तिकडेच चालवा, तिकडेच चालवा... का? धाकटा मी, ताईनंच यायचं माझ्याकडे, असं काही...? छे, मनाचे खेळ. टोपच आवडले नसतील. पण समजा...

खटला हरण्याची भीती तिला कधीच वाटली नव्हती. आता मात्र भीती वाटू लागली — आपण तिकडे जाऊ, आणि तो नुसता वकील पाठवेल.