मागच्या सीटजवळची जाळी

दोनदा घालवलेला इंजिनाचा पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला, तेव्हा मी हट्टालाच पेटलो. जुनी हायब्रिड गाडी माझी स्वतःची, आणि मी मेकॅनिक! गॅरेजमधले सगळे म्हणाले, "उस्ताद, बॅटरी गेली. बदलून टाका." न बघता बदलायला ती काय उशीचा अभ्रा आहे?

स्कॅनर सांगत होता की मागची मोठी बॅटरी तापतेय. तिला गार ठेवणारा पंखा तर फिरत होता. मागच्या सीटशेजारच्या जाळीतून तो हवा ओढतो. मी जाळीवर कागद धरला. तो चिकटायला हवा होता, खाली पडला. जाळी उचकटली, तर आत बाळाचं लोकरी टोपरं, बोळा करून कोंबलेलं.

तरातरा घरात गेलो आणि ते आईपुढे आपटलं. "हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "त्या जाळीतल्या घरघरीनं तुझी लेक दचकून उठायची."

"मग सांगायचंस ना! तीन महिने डोकं फोडतोय मी."

"सगळ्या गॅरेजला विचारलंस, त्या यंत्राला विचारलंस. मागच्या सीटवर रोज मी बसते. मला विचारलंस?"